सोनीबाईच्या खळ्यावरची वाहतूक कोंडी

आमचं धामणखिंड शहर झालं ते २०१५ साली, एका मंगळवारी. सोमवारपर्यंत आम्ही गाव होतो. जिल्हा नवा होता, नव्या जिल्ह्याला शहरं कमी पडत होती आणि तलासरी तालुक्यात, उधव्याच्या अलीकडे, आम्ही रिकामेच बसलो होतो. ग्रामपंचायतीच्या पाटीवरचं 'ग्राम' पुसून तिथे 'नगर' लिहिलं आणि सरपंचाच्या खुर्चीत मुख्याधिकारी येऊन बसले. मोबाइलवर तेवढं अजून मधूनच 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे' यायचं, पण त्याला आमचा इलाज नव्हता. शहराला शोभावं म्हणून मीही माझ्या 'प्रविण झेरॉक्स'चं नाव 'प्रविण डिजिटल सिटी सेंटर' केलं. मशीन तेच ठेवलं.

शहराला विकास आराखडा लागतो. आराखडा नसलेलं शहर म्हणजे गावच, असं साहेबांनी पहिल्याच सभेत बजावलं. तो करायला बाहेरची एक सल्लागार संस्था नेमली. संस्थेचं काम एकदम चोख. इथे येऊन चहापाण्यात वेळ घालवला नाही, सरळ आकाशातून काढलेला फोटो मागवला. फोटोत काय दिसणार? भाताची खाचरं, करवंदीच्या जाळ्या, कौलं. मधोमध मात्र त्यांना एक गोल दिसला. गुळगुळीत, झाडून स्वच्छ केलेला, मध्यभागी एक खांब, आणि तीन बाजूंनी तीन पायवाटा येऊन मिळालेल्या. इतकी नीटनेटकी जागा सरकारी खर्चाशिवाय होऊच शकत नाही, असं कोणालाही वाटलं असतं. संस्थेने तिथे लिहिलं, 'अस्तित्वातील मुख्य चौक.'

तो सोनीबाईचा खळा होता.

सोनीबाई म्हणजे आमच्या पाड्यातली एकटी राहणारी बाई. थोडी भातशेती, एक बैलजोडी आणि हा खळा. दिवाळी झाली की ती जमीन खरवडायची, चोपून घट्ट करायची, शेणाने सारवायची आणि मधल्या खांबाला बैल जुंपून मळणी काढायची. तिच्या सासूनेही तिथेच काढली होती. घराच्या आजूबाजूला सगळा उतार, सपाट जागा तेवढीच. खळा गेला तर कापलेलं भात घरात येणार कसं, हा तिचा प्रश्न होता. प्रश्न अगदीच ग्रामीण होता, त्यामुळे तो शहराच्या कुठल्या टेबलावर घ्यायचा हे कोणालाच कळेना.

शेवटी तिला मीच साहेबांकडे घेऊन गेलो. साहेब माणूस मुळीच वाईट नाही. त्यांनी तिला खुर्ची दिली, नकाशा पसरला आणि समजावून सांगितलं की शहरात जमिनीचे वापर ठरलेले असतात. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक. यात खळा कुठे बसतो ते दाखवा, मी आत्ताच्या आत्ता बसवतो, म्हणाले.

सोनीबाईने नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. "बसवायचा नाय साहेब," ती म्हणाली, "तो हायच तिथं."

साहेब गहिवरल्यासारखे झाले. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी तोडगा काढला. तुमचं म्हणणं आहे की हा चौक नाही. चौक नसेल तर तिथे वाहतूक नसणार. तर आपण वाहतुकीची मोजणी करू. काही निघालं नाही तर चौक रद्द, खळा तुमचा. इतका सरळ न्याय मी तरी कचेरीत पाहिला नव्हता. आम्ही दोघं हात जोडून बाहेर पडलो आणि मी तिला वडापाव खाऊ घातला.

कामाची ऑर्डर निघता निघता दिवाळी उलटून गेली. मोजणीला योगिता नावाची मुलगी आली, पालघरची, डिप्लोमा केलेली. कामाला एकदम प्रामाणिक. खळ्याच्या कडेला छत्री लावून, टेबल मांडून ती सकाळी हजर झाली आणि नेमकी त्याच दिवशी सोनीबाईची मळणी होती. शेजाऱ्यांचे धरून सहा बैल एका रांगेत खांबाभोवती फिरायला लागले. योगिताच्या छापील तक्त्यात 'बैल व इतर जनावरे' असा रकाना होताच. बैल समोरून गेले, तिने मांडले. थोड्या वेळाने पुन्हा गेले. तिला शंका आली. तिने साहेबांना फोन लावला की सर, तेच बैल परत परत येतात, ते दर वेळी मोजायचे का?

साहेब मीटिंगमध्ये होते, तरी त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. "मुंबईत एकच बस दिवसभर त्याच रस्त्याने जाते. ती काय एकदाच मोजतात?"

योगिताने संध्याकाळपर्यंत मोजलं. मधे सोनीबाईने तिला दोनदा कोरा चहा दिला आणि छत्रीखाली ऊन शिरतंय म्हणून आपलं पानांचं इरलंही आणून दिलं. बाईला वाटत होतं, पोरगी आपल्याच कामाला आली आहे.

अहवाल आला तेव्हा त्याच्या सात प्रती मीच काढल्या, म्हणून मला मजकूर माहीत आहे. चौकात येणारी वाहतूक प्रचंड. चौकातून बाहेर पडणारी वाहतूक शून्य. आत शिरलेलं कोणीही दिवसभरात बाहेर पडू शकलेलं नाही, जागेवरच फिरत राहतं. सरासरी वेग पायी चालणाऱ्या माणसापेक्षा कमी. चालकांना वळणाचा इशारा देण्याची सवय नाही. निष्कर्ष असा की धामणखिंडची वाहतूक कोंडी जिल्ह्यात सर्वांत गंभीर असून तातडीने उड्डाणपूल आवश्यक आहे.

उड्डाणपुलाला निधी नव्हता, म्हणून सिग्नल मंजूर झाला. खरं सांगतो, आम्हाला आनंद झाला. डहाणूचं मोठेपण मिरवणाऱ्यांची तोंडं बंद झाली. सौर ऊर्जेवर चालणारा तिन्ही रंगांचा सिग्नल २०१७च्या उन्हाळ्यात आला आणि खळ्याचा लाकडी खांब उपटून बरोब्बर तिथेच काँक्रीटमध्ये उभा राहिला. फीत कापली, नारळ फुटला, भाषणं झाली. सोनीबाई कडेला उभी होती. तिचा खांब कोणीतरी सरपण म्हणून न्यायला निघाला होता, तो तिने हिसकावून घरात नेला. पाड्यात रस्त्यावर दुसरा दिवाच नव्हता, त्यामुळे संध्याकाळी पोरं सिग्नलखाली अभ्यासाला बसू लागली. लाल लागला की अक्षर बरं दिसायचं, हिरव्यात डोळे चुरचुरायचे.

त्या वर्षीच्या मळणीला सोनीबाईने बैल सिग्नललाच बांधले. दुसरं करणार काय बिचारी? काँक्रीटभोवती उरलेली जमीन सारवली, भारे पसरले आणि मळणी सुरू केली. तिसऱ्या दिवशी नोटीस आली. सार्वजनिक रस्त्यावर शेतमाल पसरून वाहतुकीस अडथळा केला, लाल दिवा असताना बैल थांबवले नाहीत, आणि सिग्नलच्या खांबाचा अनधिकृत वापर केला. नोटीस मी वाचून दाखवली, दंडाच्या आकड्यासकट. मग भाताचे उरलेले भारे तिने टेम्पोत घातले आणि बहिणीच्या खळ्यावर, सायवनला, घेऊन गेली. निम्मे दाणे वाटेतच झडले. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता आणि मला माझीच लाज वाटली. पण वाईट वाटून घ्यायला नगरपंचायतीत खातं नाही.

इकडे सिग्नलचा उपयोग झाला का, हे बघायला वरून त्रयस्थ तपासणी आली. योगिताच आली, तेच टेबल, तीच छत्री. दिवसभर एक कोंबडी आडवी गेली, तीही रकान्यात बसेना. साहेब खूश झाले. एका सिग्नलने शंभर टक्के कोंडी सोडवणारं धामणखिंड हे पहिलंच शहर, म्हणून त्यांनी सत्काराची तयारी सुरू केली. वरून पत्र आलं ते वेगळंच. जिथे वाहतूक नाही तिथे चौक कसा? चौक नसेल तर सिग्नल कशाला? आणि सिग्नल नसेल तर शहर कसलं? पुढचा निधी थांबवला होता. आधीचा परत का घेऊ नये, याचा खुलासा मागवला होता.

त्या संध्याकाळी साहेब स्वतः सोनीबाईच्या दारात गेले, चपला काढून. मी सोबत होतो. बाई, तुमचे बैल पुन्हा चौकात आणा, म्हणाले. नोटीस मागे घेतो, दंड माफ. सोनीबाईने त्यांना पाणी दिलं आणि आपलं म्हणणं एकदाच सांगितलं. खळ्यावर मळणी मीच काढीन, मला हवी तेव्हा काढीन, मधे कोणी यायचं नाही. साहेबांनी सगळं कबूल केलं. फक्त मळणी वर्षभर चालावी, दाणे असोत नसोत, एवढीच विनंती केली. आणि उठता उठता, कुठल्याही सरकारी कामात म्हणतात तसं, म्हणाले, "दुसरी वाहतूक मिळेपर्यंत हं."

सोनीबाई हसली. आमच्याकडे दुसरी वाहतूक येणार कुठून?

तेव्हापासून रोज सकाळी तासभर तिचे बैल मोकळ्या खळ्यावर, काही न मळता, सिग्नलभोवती फिरत. योगिता अधूनमधून येऊन आकडे नेई. निधी पुन्हा सुरू झाला. आणि २०१८च्या दिवाळीनंतर सोनीबाईने आपलं सगळं भात, शेवटच्या दाण्यापर्यंत, आपल्याच खळ्यावर मळलं. पहिलं सूप तिने कणसरीला, आमच्या धान्याच्या देवीला, दाखवलं आणि दुसरं माझ्या घरी पाठवलं. जोवर धामणखिंड खोटं शहर होतं, तोवर तिचा खळा सुखरूप होता.

पण आराखडा एकट्या कचेरीत राहत नाही. आकडे बघून एका बिल्डरने खळ्यासमोरच्या माळावर फलक लावला. 'निसर्गाच्या कुशीत तुमचं दुसरं घर. मुख्य चौकाला लागून. सिग्नलपासून फक्त दोन मिनिटं.' पत्रकं मीच छापली, रंगीत. मुंबईपर्यंत गेली.

२०१९च्या फेब्रुवारीत, एका रविवारी, पहिली गाडी आली. आत नवरा-बायको होते, चांगली शिकलेली, मराठीच. लाल दिवा लागला तसे ते थांबले. बाईंनी काच खाली करून बैलांचा फोटो काढला आणि म्हणाल्या, इथे अजून किती खरं आयुष्य आहे ना. मग हिरवा लागला. बैल काही वाटेतून हटेनात, त्यांना हिरव्याचं काय? गृहस्थांनी दोनदा हॉर्न वाजवला, मान बाहेर काढली आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "मावशी, बैल जरा बाजूला घ्या. रस्ता आहे हा."

साहेबांना अटी घालणाऱ्या सोनीबाईने या माणसाचं मात्र ऐकलं. बैल सोडले आणि घेऊन गेली. छत्रीखाली बसलेल्या योगिताने तक्त्यातला मोटारींचा रकाना पहिल्यांदा उघडला, आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी निरोप धाडला की बाईंचे बैल आता नको, त्यांना धन्यवाद.

गाडीचा नंबर मी पाहिला नाही. पांढरी होती एवढं आठवतं. आमच्याकडे प्लॉट बघायला येणाऱ्या सगळ्यांच्या पांढऱ्याच असतात, त्यामुळे कोणाची ते सांगता येत नाही. तुमची नसेलच.