शिवशरण आणि उजनीची बोट

शिवशरणनं फ्रीज घेतला तेव्हा दुकानात नऊ चकरा मारल्या. पहिल्याच चकरेला त्यानं फ्रीजच्या पाठीला कान लावला आणि डोळे मिटून तसाच उभा राहिला. दुकानदाराला वाटलं, माणसाला भोवळ आली. त्यानं पाणी मागवलं. शिवशरणनं ते शांतपणे पिऊन टाकलं आणि म्हणाला, "बोलतोय बरा. पर बगू की अजून एक डाव."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. सायकल असो, मिक्सर असो, कलिंगड असो, आधी कान आणि मग "अजून एक डाव". टॉवेलच्या कारखान्यात त्यानं तीस-बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढली. पन्नास माग एकदम खडखडत असताना त्यातला कुठला आजारी आहे, हे तो दारातून सांगायचा. मुलीसाठी स्थळ आलं तेव्हा यानं मुलाची पत्रिका पाहिली नाही की पगार विचारला नाही. मुलाची मोटरसायकल चालू करायला लावली, खाली बसून ऐकली आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, "गाडी नीट ठेवतोय पोरगा. पोरगी दिली म्हण." संसार उत्तम चाललाय. पुण्यात असतात.

"यंत्र खोटं बोलत न्हाय," तो म्हणायचा. "माणूस बोलतंय."

आम्ही तिघं शाळेपासूनचे. मी भूगोलाचा मास्तर, आता निवृत्त. तिसरा इकबाल. त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि लांबचं सगळं त्याला फार सुंदर दिसतं. त्यानंच ते बोटीचं खूळ आणलं. दुबईतल्या भाच्यानं त्याला व्हिडिओ पाठवला होता: पुढं बोट, तिला दोरी, दोरीच्या टोकाला एक तरुण पायाला फळी बांधून पाण्यावर उभा. त्याला म्हणे वेकबोर्डिंग म्हणतात. तशीच एक जुनी बोट टेंभुर्णीच्या पुढं, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला विकायला आहे, असं त्याला कळलं होतं. अकलूजकडच्या एका बागायतदाराच्या मुलानं, विक्रमनं, गोव्याहून आणलेली. धंदा करायचा होता, झाला नाही.

"तिघांत घेऊ," इकबाल म्हणाला. "हिवाळ्यात पक्षी बघायला लोक येतात, त्यांना फिरवू. बाकीच्या वेळी आपण."

"आपण काय?" मी विचारलं.

"फळीवर."

मला हसू आवरेना. तिघांच्या मिळून सहा गुडघ्यांतले चार कामातून गेलेले. शिवशरण मात्र हसला नाही. "पडलास तर तुजा चष्मा पाण्यात कोण हुडकायचा?" एवढंच त्यानं विचारलं. मग थोड्या वेळानं म्हणाला, "बगू की. बगायला काय जातंय?"

रविवारी सकाळी इकबालच्या गाडीतून आम्ही सोलापुरातून निघालो. बोट शेडमध्ये चाकांच्या गाड्यावर चढवून ठेवली होती. पांढरी, लांबलचक, वर दोरी बांधायची लोखंडी कमान. इंजिन तापू नये म्हणून पाण्याची नळी लावून विक्रमनं ते सुरू केलं. शिवशरणनं झाकणाला कान लावला. बराच वेळ लावला. मग तेल बघायची पट्टी ओढून काढली, फडक्याला पुसली आणि फडकं घडी करून खिशात घातलं.

"काय म्हणते?" इकबालनं विचारलं.

"बोलतीय," शिवशरण म्हणाला. "बगू अजून एक डाव."

दुसऱ्या रविवारी त्यानं बोटीची लांबी मोजली. तिसऱ्या रविवारी गाड्याची चाकं तपासली. चौथ्या रविवारी तो सीटवर तासभर नुसता बसून राहिला, "बसक कशी हाय ते कळाय पायजे" म्हणून. एकदा काठावरच्या मच्छीमारांना भेटून वारा कुठून येतो ते विचारलं. एकदा विक्रमला सांगून तिच्यावर बादल्यांनी पाणी ओतलं, गळते का बघायला.

"अरे, ती पाण्यातच चालते की बे!" इकबाल ओरडला.

"खालून येगळं, वरून येगळं."

जाताना मोहोळजवळ चहा ठरलेला. येताना रस्त्याकडेला एक कडुलिंबाचं झाड होतं, तिथं गाडी थांबवून शिवशरण डबा उघडायचा. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. भाकऱ्या त्यानंच थापलेल्या असायच्या. दोन वर्षांपूर्वी कमलवहिनी गेल्या, तेव्हापासून तो स्वयंपाक शिकला होता. सुरुवातीला त्या भाकऱ्यांत मी सगळे खंड बघितले. एकीत तर आफ्रिका शिंगासकट होती. पुढं पुढं त्या गोल व्हायला लागल्या. आम्ही तिघं शाळेतल्या त्याच त्याच गोष्टी सांगायचो आणि त्याच त्याच जागी हसायचो.

वहिनी गेल्या त्या महिन्यात आम्ही दोघं रोज त्याच्याकडं जात होतो. मग आठवड्यानं, मग सणावारी. बोटीच्या आधी त्याला भेटून मला सहज सहा महिने झाले असतील. मुद्दाम काही नाही. राहून जातं.

असे चार महिने गेले. ऊन तापलं. धरणाचं पाणी दर रविवारी थोडं थोडं मागं सरकत होतं. पहिल्यांदा शेडपासून हाकेच्या अंतरावर असलेलं पाणी आता चिखलाच्या पट्ट्यापलीकडं चकाकत होतं. शेवटी विक्रमचा फोन आला: काका, पुण्याची पार्टी येतेय, घ्यायची तर आता सांगा.

इकबालचा संयम संपला. "हा माणूस कयामतपर्यंत बघत बसेल," तो मला म्हणाला. "मी एकटा इसार देतो. तुम्ही नंतर या, नाहीतर नका येऊ."

त्या रविवारी इकबालनं मोहोळला चहासाठीही गाडी थांबवली नाही. शेडमध्ये पोचल्यावर इकबालनं खिशातून पाकीट काढलं आणि विक्रमपुढं धरलं. मधेच शिवशरणनं त्याचं मनगट पकडलं.

"देऊ नगं."

"का? अजून एक डाव बघायचंय?"

"न्हाय. इंजन आतनं खाल्लंय. खाऱ्या पाण्यानं. तेलात पाणी उतरतंय, दुधागत झालंय तेल." त्यानं पट्टी ओढून इकबालच्या चष्म्यासमोर धरली. तेल खरंच दुधाळ होतं, उतू गेलेल्या चहासारखं. "हे नीट करायचं म्हंजे नवं इंजनच घालाय लागंल."

विक्रमचा चेहरा उतरला. त्यानं ती गोव्याहून तशीच उचलली असावी. तो शेडबाहेर निघून गेला.

इकबालनं पाकीट खिशात घातलं. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "हे तुला आज कळलं?"

शिवशरण पट्टी पुसत राहिला.

"शिवशरण, कधी कळलं?"

"पयल्या दिवशी."

"पयल्या दिवशी! आणि चार महिने आम्हाला इथं फिरवलंस? पेट्रोल जाळलं, दुकान बंद ठेवलं, बायकोच्या शिव्या खाल्ल्या! बोलला का नाहीस?"

मला वाटलं, आता नेहमीसारखं काहीतरी तिरकस उत्तर येईल. पण शिवशरण बोटीच्या कडेला टेकला. फडक्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"पयल्याच दिवशी सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर दुसऱ्या रविवारी तुमी आला असता व्हय?"

इकबालनं माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याकडं पाहिलं. खरं उत्तर तिघांनाही माहीत होतं.

"आठवडाभर काय वाटत न्हाय," शिवशरण म्हणाला. "बाजार असतो, पोरीचा फोन असतो. रविवार लई मोटा असतो बे."

परतताना इकबाल गाडी फार जपून चालवत होता. लिंबाखाली थांबलो, जेवलो. भाकरी छान गोल होती. इकबालनं अर्धी जास्त घेतली. सोलापुरात शिवशरणला त्याच्या दारात उतरवलं तेव्हा तो गाडीच्या खिडकीशी वाकला. "चूक झाली माजी. राग धरू नगा." आणि उत्तराची वाट न बघता आत गेला.

पुढच्या रविवारी मी अंगणात दात घासत होतो. फाटकाशी हॉर्न वाजला. इकबालची गाडी.

"बोटीचं तर बारगळलं की," मी तोंडातला फेस सांभाळत म्हणालो. "आता कुठं?"

"मालूम नही. कपडे घाल, बस."

शिवशरणच्या गल्लीत पोचलो तेव्हा जेमतेम सात वाजले होते. त्याला कळवलेलं नव्हतं. इकबाल कडी वाजवायला पायरी चढला, तोच दार उघडलं. शिवशरण उभा होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात भरलेला डबा.