शरदरावांची मुदत

शरदराव काहीही बंद करण्याआधी मुदत देतात. मिशी काढायचं ठरवलं तेव्हा आमच्या कॅल्गरीच्या मराठी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: "पुढच्या स्प्रिंगमध्ये मिशी काढण्यात येईल. कुणाची अडचण असल्यास कळवावे." कोण कशाला कळवतंय! गणपतीला सगळे आपापला पदार्थ आणतात, त्या पॉटलकमधला त्यांचा मसालेभातसुद्धा असाच रीतसर मुदत देऊन बंद झाला.

हे आमचे शेजारी. ऑइल कंपनीतून रिटायर झाले आणि बेसमेंटमध्ये जाऊन बसले. जगभरातल्या लोकांनी मिळून फुकट लिहिलेलं एक सॉफ्टवेअर आहे, त्याचा एक कोपरा ते सांभाळायचे. कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा, खोटा कॉम्प्युटर चालवायचा, हे त्या सॉफ्टवेअरचं काम. शरदरावांच्या कोपऱ्यामुळे त्या खोट्याला एखादं खरंखुरं जुनं यंत्र थेट जोडता यायचं. पासथ्रू म्हणतात त्याला. मला एवढं कळतं, कारण ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करताना त्यांनी मला गाठून सगळं समजावलंय, मी कुडकुडत असताना.

त्या मंडळींची एक रीत आहे. जुनी सोय काढायची तर आधी जाहीर करायचं, कुणी वापरतं का विचारायचं आणि थांबायचं. कुणी बोललं नाही की काढायची. गेल्या वर्षी या पासथ्रूची पाळी आली. नोटीस शरदरावांनीच लिहिली. उत्तर एकही आलं नाही.

आता वापरणारं माणूस त्यांच्याच घरात! त्यांची बायको, सुमतीवहिनी. इथल्या प्रत्येक मराठी बाळाच्या दुपट्यावर वहिनी नाव भरून देतात. हात थरथरायला लागल्यावर सुई सुटली, तेव्हापासून मशीनवर भरतात. त्या मशीनचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की खोट्या कॉम्प्युटरातच चालतं, आणि मशीन त्याला जोडायचं तर पासथ्रूच लागतो. नवं घ्यावं तर त्याला टचस्क्रीन, थरथरतं बोट भलतीकडेच लागतं. जुन्याला आपली मोठाली बटणं आहेत.

हे कळलं तेव्हा मी त्यांच्या बेसमेंटमध्ये जाऊन चांगली भांडले. म्हटलं, अहो, हात वर करा की. एक ओळ लिहायला काय जातंय तुमचं?

"जो सांभाळतो त्याचा हात मोजायचा नसतो," शरदराव म्हणाले. "आमच्या एका घरासाठी सगळ्यांनी ओझं का वाहायचं?"

वहिनींना लिहू द्या, असं सुचवलं, तर म्हणे तिला यातलं काही सांगायचं नाही. 'माझ्यापायी कशाला?' म्हणून ती आजच मशीन बंद करेल.

धन्य आहे या माणसाची. मुदत संपली आणि स्वतःच्या हातानं सगळा कोड काढून टाकला. बेसमेंटमधला कॉम्प्युटर तेवढा इंटरनेट तोडून जुन्या आवृत्तीवर ठेवलाय. तो चालेल तोवर मशीन चालेल.

परवा दुपारी लोणचं द्यायला त्यांच्या बेसमेंटमध्ये गेले. मशीन बंद होतं. शरदराव मांडीवर भरतकामाची रिंग घेऊन, जिभेचं टोक बाहेर काढून साखळी टाका घालत होते आणि वहिनी शेजारी बसून चुका काढत होत्या. "रिटायर्ड माणसाला छंद हवा," ते मान वर न करता म्हणाले.

वहिनी मला चहाला वर घेऊन गेल्या. किचनमधल्या हीटिंगच्या व्हेंटकडे बोट दाखवून हळूच म्हणाल्या, "बेसमेंटमधलं सगळं इथे ऐकू येतं. तुमचं भांडणसुद्धा आलं. मला काही माहीत नाही असं समजून शिकतायत बिचारे. तुम्ही बोलू नका हं."

मी मान डोलावली आणि चहात साखर मागितली.