सेलूकर काकांची सिस्टीम

सेलूकर काकांच्या मते कॉम्प्युटरला नाक असायला हवं होतं.

"एवढा मोठा मेंदू," ते म्हणायचे, "आणि आत दूध उतू चाललंय हे त्याला कळेना. काय कामाचा? आमची ही बाहेरच्या खोलीत असली तरी ओरडायची, 'अहो, दूध!' म्हणून. मॅडम, पुढच्या सिस्टीममधी नाक पाहिजे. नोंद घ्यावी."

नोंद घ्यायची ती मी. मी एका ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. म्हणजे मुलांना खेळ बंद करून प्रोग्रॅम उघडायला लावते. माझ्या सांगण्यानं कॉलेजातला पंखा दुरुस्त होत नाही, तिथं कॉम्प्युटरला नाक कुठून येणार? पण पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं. काकांच्या हिशेबी जगातल्या प्रत्येक गोष्टीचं एक खातं असतं, खात्याला वरिष्ठ असतात, आणि वरिष्ठांकडे थेट जायचं नसतं, मधल्या माणसामार्फत जायचं असतं. कॉम्प्युटरचं खातं सातासमुद्रापार, आणि मधलं माणूस शेजारच्या प्लॉटवर. कंपाउंडच्या भिंतीवरून हाक मारली की झालं.

तेव्हा आमच्या शहराला औरंगाबादच म्हणत. बीड बायपासच्या पलीकडे आमची वसाहत नुकती उभी राहत होती. जाहिरातीत तिचं 'निसर्गाच्या कुशीत' असं वर्णन होतं. निसर्ग होता, पाणी नव्हतं. एकामागून एक दुष्काळाची वर्षं, बोअर आटलेले, पाइपलाइन अजून कागदावर. "जन्मभर पाण्याच्या फायली हलवल्या," काका म्हणायचे, "अन् आता बादलीत डोकावून बघायलो."

कॉम्प्युटर खरं तर त्यांचा नव्हताच. मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेली तेव्हा तो मागे राहिला. नलूकाकू होत्या तोवर त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लास्टिकची फुलं असायची. काकू गेल्या, मग कधीतरी रुमाल निघाला आणि काका त्याच्यासमोर बसू लागले. टीव्ही का नाही बघत, असं मी एकदा विचारलं.

"तो एकटाच बोलतो," काका म्हणाले. "हा निदान विचारतो तरी. 'खात्री आहे का?' म्हणून."

या 'खात्री आहे का'वर त्यांचा फार जीव. काहीतरी पुसायला घ्यायचं, त्यानं विचारलं की 'नाही' म्हणायचं. "मग घेतलं कशाला होतं पुसायला, असं तो विचारत नाही. हा त्याचा मोठेपणा," असं ते मला समजावून सांगत. पासवर्डवर मात्र त्यांचा राग होता. "आपल्याच घरात शिरायला आपणच ओळख पटवायची? आमची ही चपलेच्या आवाजावरून ओळखायची. मी गेटपाशी असतानाच आतून विचारायची, 'कोथिंबीर आणली का?' तसं पाहिजे. नोंद घ्यावी."

एकदा भर दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. पडद्यावर काहीतरी उघडायला वेळ लागत होता आणि ते चक्र फिरत होतं.

"हे बघा, नुसतं गोल गोल फिरायलंय. टँकरवाला बरा. तो सांगतो, 'तुमच्या पुढं चार घरं आहेत.' माणूस तेवढ्यात आंघोळ उरकतो. यानं आपला नंबर कितवा ते सांगायला काय हरकत आहे?"

हरकत नव्हती. खरं सांगायचं तर त्यांच्या बहुतेक मागण्यांना माझ्याकडे उत्तर नसायचं, म्हणूनच मला त्यांचा राग यायचा. संध्याकाळी कॉलेजातून दमून यावं, तर भिंतीवरून पांढरं डोकं वर. आज काय, तर 'बंद करा' हा शब्द काढून टाका, दिवेलागणीला असलं बोलू नये, दुकानदारसुद्धा दुकान 'वाढवतो' म्हणतो. उद्या काय, तर माणूस उठला की कॉम्प्युटरनं विचारावं, 'कुठं निघालात? जेवायला आहात ना?' ते स्वतः मशीन बंद करताना त्याला 'येतो हं' म्हणत. हे मी कानांनी ऐकलंय.

एक दिवस माऊस बिघडला म्हणून मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून औरंगपुऱ्यात नेलं. माऊस घेऊन झाल्यावर काकांनी दुकानदाराला गंभीरपणे विचारलं, "वास घेणारं काही आलंय का? कॉम्प्युटरला जोडायचं?"

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "चाचा," तो तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "वो शहागंज में मिल जाएगा."

काका दुसऱ्या दिवशी रिक्षा करून शहागंजच्या बाजारात जाऊन आले. नाक नाही मिळालं. एक चाळणी घेऊन आले.

पण खरे काका बघायचे असतील तर ते टँकरच्या दिवशी. टँकर दिवसाआड यायचा. त्या सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालत, केसांना तेल लावून भांग पाडत. आमच्या गल्लीत रीत अशी, की उजाडल्याबरोबर प्रत्येकानं आपला ड्रम गेटबाहेर लायनीत ठेवायचा. काकांचा निळा ड्रम सगळ्यांच्या आधी बाहेर असायचा. टँकर कोपऱ्यावर वळला की दारंदारं उघडायची. कुणी ब्रश तोंडात घेऊन, कुणी गाऊनवर ओढणी टाकून, सगळी वसाहत रस्त्यावर. भांडणं व्हायची, पाइप ओढले जायचे, आणि मधोमध काका, जणू घरचं कार्य असल्यासारखे सगळ्यांची विचारपूस करत हिंडायचे.

समोरच्या बांधकामावर हिराबाई नावाची एक बाई राहत होती. तिची माणसं मेंढरांच्या मागं फिरणारी; चारा-पाणी संपलं तेव्हा निम्मा कळप विकून, उरलेला दिराच्या हवाली करून ती नवऱ्याबरोबर विटा उचलायला शहरात आली होती. काका तिलाही कॉम्प्युटर समजावून सांगायचे. तिनं एकदा डोक्यावरचा हंडा सावरत विचारलं, "मेंढरं मोजाया येत्यात का त्येला?"

"येतात की. लाखानं मोजेल."

"अन् एखादं कमी भरलं तर हुडकाया जातंय का?"

काकांनी मान डोलावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, हे राहिलंच होतं. नोंद घ्यावी."

त्यानंतरच्या एका टँकरला निळा ड्रम दिसला नाही. माझ्या तर लक्षातही आलं नव्हतं. हिराबाईच म्हणाली, "काकाचा डरम नाय आला व्हय अजून?" लाइन तशीच सोडून आम्ही पाच-सात जणी काकांच्या दारात. दार वाजवून वाजवून हात दुखले, तेव्हा काका शाल पांघरून बाहेर आले. अंगात ताप. एवढ्या बायका बघून आधी बावचळले, मग शालीतूनच केस नीट करायला लागले. टँकरवाला जब्बार पाइप धरून ओरडला, "चाचा, बीमार पडना है तो ड्रम बाहर रखके पडो." सगळे हसले. कुणी पेज आणली, कुणी गोळी. काका चार दिवस अंथरुणात होते आणि त्या चार दिवसांइतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नाही.

पुढं एक वर्ष पाऊस बरा झाला. पाइपलाइन आली. नळाला पाणी आलं त्या दिवशी आम्ही पेढे वाटले, मी तर मुद्दाम शॉवरखाली उभी राहिले. हिराबाई मेंढरांकडे परत गेली. जब्बारचा टँकर आणखी पुढच्या वसाहतीत जाऊ लागला. आमच्या गल्लीतली बांधकामं पुरी होऊन तीन-तीन मजली घरं झाली, कंपाउंडच्या भिंती उंच झाल्या, गेटला आतून कड्या लागल्या. सकाळी गाड्या बाहेर पडायच्या, संध्याकाळी आत शिरायच्या. माणसं दिसेनाशी झाली.

काका मात्र दिवसाआड इस्त्रीचा शर्ट घालून गेटपाशी उभे राहत. मी विचारलं तर म्हणाले, "सवय." दुष्काळ गेला याचं वाईट वाटणारा एवढा एकच माणूस मी पाहिला, आणि वाईट वाटतं हे बोलायचीही त्यांना चोरी होती. पाणी आलं म्हणून कोण रडतं?

त्यांच्या मागण्याही थांबल्या. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग संध्याकाळी भिंतीकडे बघायची मलाच खोड लागली.

एके दिवशी दिवेलागणीला ते आमच्या घरी आले, आत येऊन बसले. असे ते कधी येत नसत.

"मॅडम, नाकाचं राहू द्या," ते म्हणाले. "पासवर्डचंही राहू द्या. मागच्या सगळ्या मागण्या मागे घेतो. एकच ठेवा."

"बोला ना काका."

"मी रोज सकाळी उठून त्याच्यापुढं बसतो. एखाद्या दिवशी बसलो नाही, तर त्यानं कुणाला तरी सांगावं." ते चष्मा पुसू लागले. "रविवारचा प्रश्न नाही. रविवारी मुलीचा फोन येतो. बाकीच्या वारांचं बघा."

मी कॉम्प्युटर शिकवते. अमुक करता येईल, तमुक जोडता येईल, असं सांगायला मी तोंड उघडलंही होतं. पण ते चष्मा पुसतच होते, काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"तशी नवी सिस्टीम अजून आली नाही, काका," मी म्हणाले. "पण आपली जुनी आहे की. सकाळी ड्रम बाहेर ठेवत जा. मी बघत जाईन."

दुसऱ्या दिवसापासून निळा ड्रम गेटबाहेर. रिकामा, पण धुऊन पुसून. नव्यानं राहायला आलेले लोक विचारायचे, "काका, आता ड्रम कशाला?" काका सांगायचे, "टेस्टिंग चालू आहे." मी कणीक मळताना खिडकीतून बघायची. ड्रम दिसला की पोळ्यांना लागायची.

मग एका सकाळी ड्रम नव्हता.

मी दोनदा बघितलं. कणकेचे हात तसेच, पायात एक चप्पल माझी, एक नवऱ्याची, अशी धावत सुटले. काकांचं दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं, तर काका खुर्चीवर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. कॉम्प्युटर बंद.

"चालली की हो सिस्टीम," ते म्हणाले. "नोंद घेतली."

मी जी भडकले! "काका, ही काय थट्टा झाली? माझा जीव जायची वेळ आली."

"टेस्टिंग केल्याशिवाय भरवसा ठेवू नये, असं तुम्हीच म्हणायच्यात," ते खाली बघत पुटपुटले.

मी आणखी बोलणार, तेवढ्यात मला टेबलावर दोन कप दिसले. दोन्ही चहानं भरलेले, दोन्हींवर जाड साय धरलेली. त्यांनी आपलाही घेतला नव्हता. मी खिडकीत जायच्या किती आधीपासून ते असे बसून होते, कुणास ठाऊक. मी कप उचलला.

"अहं, तो गार झाला. नवा करतो." ते लगबगीनं आत गेले, दूध चढवून परत आले आणि समोर बसले. बोलायचं बरंच साचलं होतं बहुतेक. वसाहतीत कोण नवीन आलं, जब्बार परवा रस्त्यात कसा भेटला, हिराबाईच्या मेंढरांचं काय झालं असेल. मीही बसले. हातावरची कणीक वाळत होती.

बोलता बोलता मला वास आला.

"अहो काका, दूध!" मी ओरडले.

काका उठले नाहीत. बोलायचे थांबले आणि माझ्याकडे नुसते बघत राहिले. आतून चर्र आवाज येत होता, वास सगळ्या घरात पसरला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी आजवर न पाहिलेलं समाधान होतं.

गॅस शेवटी मीच जाऊन बंद केला.