शंभराच्या आत

चतुराबाईंच्या उपासाचा तिसरा दिवस होता आणि समोरच्या पाटीवर दोनशे तेरा आकडा होता.

पाटी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर होती. करमाडच्या पुढच्या त्या लहानशा गावात हवेतली धूळ मोजायचं यंत्र बसवून महिना झाला होता. यंत्र म्हणजे वर एक पांढरी डबी आणि खाली लाल आकडे. गावाच्या एका अंगाला रस्त्याचं खोदकाम, दुसऱ्या अंगाला खडी क्रशर आणि मधून वैशाखाचं कोरडं वारं. चतुराबाईंच्या नवऱ्याचा, काकासाहेबांचा, जुना दमा उसळला तेव्हा गावची आशा कार्यकर्ती विशाखा सांगून गेली, "काकी, आकडा शंभराच्या आत आल्याबिगर काकांना बाहेर काढू नका."

चतुराबाईंनी देवापुढं दिवा लावला आणि हळू आवाजात नेम धरला. आकडा शंभराच्या आत येऊन हे मोकळ्या हवेत बसल्याशिवाय अन्नाचा कण घ्यायचा नाही. संकष्टीला चंद्र उगवतो, तसा संध्याकाळपर्यंत आकडा उतरेल असं त्यांना वाटलं होतं.

"काकी, चंद्र हाय का त्यो, रोज उगवायला?" पंचायतीचा शिपाई कडुबा म्हणाला. "बसवल्यापासून एकदा शंभरात आला नाय."

"येईल," चतुराबाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळावर त्यांना घेरी आली. हंडा एकीकडं, त्या एकीकडं. बंद खिडकीच्या फटीतून काकासाहेबांनी ते पाहिलं आणि कडुबाला हाक मारली.

"त्या डबीच्या तोंडाला पिशवी बांध."

"काका, नोकरी जाईल माझी!"

"तुझी नोकरी जाईल, नायतर माझी बायको जाईल. सांग, काय जाऊ दिऊ?"

कडुबानं क्षणभर विचार केला. हे काकासाहेबांना आवडलं नाही.

दुपारी त्यानं शिडी लावून डबीला दुधाची रिकामी पिशवी घट्ट बांधली. आतली धूळ खाली बसत गेली तसा आकडा उतरला. एकशे नव्वद. एकशे वीस. चौसष्ट.

"अहो, चौसष्ट! चला बाहेर!" चतुराबाई दारातून म्हणाल्या.

नेमाचा पुढचा अर्धा भाग काकासाहेब पार विसरले होते.

"तू जेव आधी. मी बसतो उद्या."

"नेमात तुमी आधी, घास मंग. उद्याचा आकडा काय माझ्या हातात हाय?"

लिंबाखाली बाज टाकली होती, ताट वाढलेलं होतं. ते ताट पाहून काकासाहेब उठले आणि बाजेवर जाऊन बसले. तेवढ्यात समोरून खडीचा डंपर गेला.

"कशी वाटती हवा?" चतुराबाईंनी विचारलं.

"लई... मोकळी," खोकला गिळत ते म्हणाले.

पाटीवर चौसष्ट आणि दमेकरी बाहेर बसलेला! मग गाव थांबतंय होय? मोतीरामच्या पोरांनी बापाला खाटेसकट बाहेर आणलं. क्रशरवर छाती घालवून बसलेला मोतीराम होळीनंतर पहिल्यांदाच ऊन बघत होता. शेजारच्या तनुजानं तान्ह्याला ओट्यावर निजवलं. पाव घटकेत खोकणारं सगळं गाव उघड्यावर आलं.

चतुराबाईंनी नैवेद्य दाखवला, ताटाभोवती पाणी फिरवलं आणि घास उचलला. त्याच वेळी वावटळ उठली. पिशवी सुटली आणि लिंबाच्या फांदीला जाऊन अडकली. पाटीवर नव्वद झालं, मग एकशे साठ.

"काकी, टाका तोंडात! शंभर तर गेलंच, आता दोनशाच्या आत तरी खावा!" कडुबा ओरडला.

पाटी दोनशे सत्तेचाळीसवर थांबली. चतुराबाईंनी घास ताटात परत ठेवला. घास ताटात टेकला आणि काकासाहेबांनी इतका वेळ दाबून धरलेला खोकला एकदम फुटला. तो थांबेना. ओठ निळे पडले.

विशाखानं रिक्षा गाठली. शहरातल्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत चतुराबाई एका हातानं नवऱ्याची पाठ चोळत होत्या, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती.

काकासाहेबांच्या तोंडावर मास्क चढला, बोटाला चिमटा लागला. यंत्रावर आकडा आला, चौऱ्याऐंशी. चतुराबाईंनी हात जोडले.

"आला बाई शंभराच्या आत!"

"आजी, हा उतरून चालत नाही," डॉक्टर म्हणाले. "हा त्यांच्या अंगातल्या हवेचा आहे. चढायला पाहिजे."

"म्हंजी बाहेरचा उतराया पायजे, आन् आतला चढाया?"

"हो."

विशाखा कानाशी वाकली. "काकी, खाऊन घ्या दोन घास. तुमी जेवावं म्हणून काकांनीच पिशवी बांधायला लावली व्हती."

चतुराबाई नवऱ्याकडं वळल्या. त्याच्या पायावरची चादर त्यांनी नीट केली.

"डॉक्टर," त्यांनी हळूच विचारलं, "मंग आतला किती झाल्यावर जेवावं?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायच्या आत काकासाहेबांनी मान वळवून यंत्राकडं पाहिलं. मग घाईघाईनं आठ बोटं दाखवली आणि लगेच चार.

चतुराबाईंनी गाठोडं सोडलं. भाकरीचा तुकडा मोडला. यंत्र टुणकन वाजलं आणि आकडा त्र्याऐंशी झाला.

"थांबते मी," म्हणत त्यांनी तुकडा मांडीवर ठेवला.

काकासाहेबांनी डोळे मिटले आणि सारा जीव एकवटून श्वास ओढायला सुरुवात केली.