ऑर्व्हल टिबेट्सचं कार्ड

ऑर्व्हल टिबेट्स मार्चमध्ये वारले आणि मे महिन्यात कॅसिनोने त्यांना स्टेकच्या जेवणाचं आमंत्रण पाठवलं.

जानेलने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. बोल्डर हायवेवरच्या त्या कॅसिनोत बाबा वर्षानुवर्षं व्हिडिओ पोकर खेळले, पण त्यांना कधी साधं कॉफीचं कुपन आलं नव्हतं. शेजाऱ्यांकडे कॅसिनोकडून सणाला टर्की यायच्या, टोस्टर यायचे. तिची आई लोइस टोमणे मारायची, "पैसे घालवतोस आणि टोस्टरही मिळत नाही."

"टोस्टर हरणाऱ्यांना देतात," बाबा ऐटीत म्हणायचे. घरात त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

आमंत्रण का आलं, हे जानेलला पुरतं ठाऊक होतं. दर रविवारी दुपारी ती बाबांच्या नेहमीच्या मशीनमध्ये त्यांच्या खेळाचा हिशेब ठेवणारं कॅसिनोचं कार्ड घालायची. कार्ड आत गेलं की पडद्यावर अक्षरं उमटायची : 'स्वागत आहे, ऑर्व्हल.' तेवढ्यासाठीच ती जायची. दुसऱ्याचं कार्ड वापरणं नियमात बसत नव्हतं. पकडलं गेलं तर कार्ड जाणार होतं, आणि कार्डाबरोबर ती अक्षरंही. नुसतं बसून राहिलं तर लोक बघतात, म्हणून ती खेळायची. खेळ तिला येत नव्हता. चित्रांचे पत्ते आणि एक्के दिसायला बरे, म्हणून ती तेच ठेवायची.

शेजारच्या मशीनवर बाबांची जुनी सोबतीण फर्न ओडेगार्ड असायची. तिच्याने ते बघवत नसे.

"पोरी, जोडी फोडून एकटा एक्का ठेवलास? बाप पुन्हा मरेल तुझा."

"वरून कोणीतरी मशीन आवळत असेल."

"कोणी आवळत नाही. पत्ते सरळच पडतात." फर्नने पडद्यावरच्या बक्षिसांच्या तक्त्यावर बोट टेकवलं. "कापतात ते इथे. फुल हाउस लागलं तर नऊपट, फ्लशला सहापट. बाकी सगळ्या मशीनवर आठ आणि पाच केलंय. उघड लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही. जुन्या भावाचं हे शेवटचं मशीन. त्यामुळे नीट खेळ."

जानेल नीट खेळली नाही. जूनमध्ये दोन रात्रींची खोली फुकट आली. जुलैत, कार्ड दाखवून, टोस्टर मिळाला. लोइसने तो ओट्यावर मधोमध ठेवला. "गेल्यावर का होईना, माणसाने घरात काहीतरी आणलं."

ऑगस्टमधल्या एका रविवारी सूट घातलेला एक हसरा माणूस हातात टॅब्लेट घेऊन आला. खास गिऱ्हाइकांची बडदास्त ठेवणारा हा रूडी क्विंटाना.

"मिस्टर टिबेट्स कुठे आहेत? या महिन्याचे मानाचे पाहुणे आहेत ते. फोटो काढायचाय."

जानेलने घाईने मशीनमधलं कार्ड तळव्याने झाकलं.

"बाथरूममध्ये आहेत का? थांबतो मी."

"बाळा, त्याला वेळ लागेल," फर्न पत्त्यांवरची नजर न काढता म्हणाली.

रूडी खरंच थांबला. शेवटी जानेलनेच सांगितलं, "ते मार्चमध्ये वारले. खेळते ती मी."

रूडीने टॅब्लेटकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि तो शेजारच्या स्टुलावर बसला. "तरीच. वर सगळे खूश होते हो. इतकी वर्षं या माणसाकडून आम्हाला कॉफीचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. पत्त्यात एक चूक नाही. त्यांच्यापायी या मशीनचा भाव उतरवायचा, असं ठरलंही होतं. आणि एप्रिलपासून एकदम हरायला लागले. आम्हाला वाटलं, वय झालं. हे बघा, माझ्या आधीच्याने त्यांच्या नावापुढे काय लिहून ठेवलंय : याला काहीही पाठवू नका."

"परत वाचा," जानेल म्हणाली. तिने आईला फोन लावून तो रूडीच्या तोंडाशी धरला. "आता हिला वाचून दाखवा."

रूडीने वाचलं. 

"टोस्टर परत द्यावा लागेल का?" लोइसने विचारलं.

"नाही मॅडम. कार्ड मात्र मला बंद करावं लागेल."

"शेवटचं एकदा घालू?" जानेलने विचारलं. रूडी उठून दुसरीकडे बघत उभा राहिला. अक्षरं उमटली. जानेल फर्नकडे वळली. "बाबा काय ठेवायचे, सांग."

फर्नने सांगितलं. जानेलने निमूटपणे छोटी जोडी ठेवली आणि एक्का सोडला. मग कार्ड काढून रूडीच्या हातात दिलं आणि स्वतःच्या नावाचं नवं मागितलं.

फर्न शिकवताना अजिबात दयामाया दाखवत नसे. सप्टेंबरमध्ये जानेलला जेवणाचं आमंत्रण आलं, ऑक्टोबरमध्ये कॉफीचं कुपन. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला टर्की आली नाही. नाताळात टपालपेटी रिकामी होती.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी मशीनचा तक्ता बदललेला होता. आठ आणि पाच.

"तुझ्यामुळे झालं हे," फर्न पर्स आवळत म्हणाली. "चांगली हरत होतीस. चल, हायवेच्या पलीकडे नऊ-सहाचं एक आहे म्हणतात."

जानेलने तक्ता परत वाचला, कार्ड खिशात टाकलं आणि चालता चालता घरी फोन लावला.

"आई, मला ते काहीच पाठवत नाहीत गं," ती ऐटीत म्हणाली.

"बापावर गेलीस," लोइस म्हणाली. मागे टोस्टर खटकन उडाला.