बिनभुवयांचा मासा

"एकनाथकाका, माशाला भुवया असतात का?"

मुलाखतीच्या कागदावर हा प्रश्न नव्हता. तिथे शाळेने दिलेले सभ्य प्रश्न होते, 'आपल्याला कलेची प्रेरणा कुठून मिळते?' वगैरे. पण येता येता तिची मैत्रीण किंजल म्हणाली होती, "हिंमत असेल तर भुवयांचं विचार." आणि वक्तृत्व स्पर्धेत तिसरी आल्यापासून मेघालीला 'हिंमत असेल तर' एवढंच ऐकू यायचं. बाकीचं वाक्य संपायच्या आत ती हो म्हणून मोकळी व्हायची.

एकनाथकाका दांडीच्या किनाऱ्यावर उलट्या बादलीवर बसून मेघालीच्याच बाबांची, नरहरी तांडेलची बोट रंगवत होते. बोटीच्या नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मासा, निळं अंग, लाल कल्ले, आणि डोळ्यांवर ठसठशीत, गोल काळ्या भुवया. डावी जरा वर चढलेली. बंदरावरच्या झाडून सगळ्या बोटींवर असेच मासे होते. अख्खं गाव मासे धरतं, सुकवतं, विकतं, दोन्ही वेळा खातं. पण माशाला भुवई कुठून आली, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

काकांचा ब्रश हवेत थांबला. "असतीलच की."

"कुठल्या माशाला?"

"सुरमईला?"

"नाही."

"घोळीला असंल. मोटा मासा हाय."

शेजारच्या बोटीमागून किंजलचं फिसकन हसू ऐकू आलं. तेवढ्यात गोदूकाकी नवऱ्याचा चहा घेऊन आल्या. काकांनी त्यांनाच विचारलं, "अगो, माशाला भुवया असतात काय?"

"जल्म गेला माजा मासे विकण्यात," काकी किटली ठेवत म्हणाल्या. "भुवया असत्या तर त्यांचा वेगळा वाटा लावला असता मी."

काकांनी चहा घेतला नाही. घासलेटचं फडकं उचललं, दोन्ही माशांच्या ओल्या भुवया पुसल्या, ब्रश डब्यात टाकला आणि घराकडे चालू लागले. मुलाखत संपली. प्रेरणेचा प्रश्न राहूनच गेला.

भुवया गेल्यावर मासा वेगळाच दिसायला लागला. डोळे तेच, तोंड तेच. पण आता तो नुकतीच वाईट बातमी कळल्यासारखा दिसत होता.

संध्याकाळी खलाशी जाळी चढवायला आले. सगळ्यात पुढे शैलेश होता. तो थबकला, बोटीला वळसा घालून दुसऱ्या बाजूचा मासा पाहून आला, आणि म्हणाला, "तांडेल, मासा घाबरलाय."

"रंगाचा मासा हाय तो. घाबरंल कसा?" नरहरी म्हणाला.

"तुमीच बगा ना. त्याला कायतरी कळलंय, आपल्याला नाय कळलं अजून. आमी नाय चढणार."

"आरं उद्या नारळी पुनव! समद्या बोटी पाण्यात जाणार नि माजी काय वाळूत बसून नारळ खाणार?"

"तुमी त्याला धीर द्या. मग येतो आमी."

तासाभरात निम्मं गाव बोटीसमोर जमलं. कुणीतरी खात्री करायला घरातून बोंबील आणला. बोंबलाला भुवया नाहीत, हे सर्वानुमते ठरलं. त्यावर एकाचं म्हणणं पडलं की, मग सगळ्यांच्याच पुसा. दुसरा म्हणाला, माझ्या बोटीला फडकं लावून तर बघ. दोघं शेजारी असल्यामुळे भांडण लगेच नारळाच्या झाडाच्या हद्दीवर गेलं आणि मासा बाजूला राहिला.

नरहरी एकनाथच्या दारात दोनदा जाऊन आला. आतून एकच उत्तर आलं, "जे नसतंच ते मी आता कसं काडू? कळलं नवतं तवर ठीक होतं."

घरी परतल्यावर नरहरीने बायकोला सगळं सांगितलं. दमयंती फारशी बोलतच नसे. तिने मेघालीकडे पाहिलं आणि तिची डावी भुवई सावकाश वर गेली, अगदी सरळ, भिंतीवर पाल चढावी तशी. मेघाली लगेच चपला शोधायला लागली.

"जा," नरहरी मागून म्हणाला. "तोंड तू उगडलंस, आता तूच मिटव."

एकनाथकाका ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मेघालीला वक्तृत्वाचं भाषण पाठ होतं, पण त्यात मासे नव्हते. शेवटी तिने कागदावरचा राहिलेला प्रश्नच विचारला.

"काका, प्रेरणा कुठून मिळाली? म्हणजे, भुवयांची."

काकांनी आधी आत चुलीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "पयली बोट रंगवली तवा नवंच लगीन झालेलं. मी मासा काडायचो नि ही बाजूला उबी ऱ्हायची. डावी भुवई अशी वर. 'झाला काय? एवडाच काय?' तिच्याकडं बगत बगत हात चालायचा. कवा ती भुवई माशावर गेली, मला कळलंच नाय. पन लोक बोलले, मासा रुबाबदार झाला. मग तीच काडत आलो."

आत भांडं वाजायचं थांबलं. गोदूकाकी दारात आल्या.

"म्हंजे इतकी वर्सं बंदरावर समद्या बोटींवर मी हाय?"

"भुवईच फक्त," काका घाईने म्हणाले. "बाकी मासा."

मेघालीने डोळे मिटून घेतले. आता काकी आधी नवऱ्याला मारतील की आपल्याला, एवढाच प्रश्न उरला होता.

"आणि ती भुवई तू पुसलीस?" त्या म्हणाल्या. "घासलेटच्या फडक्यानं?"

"अगो, पन..."

"चहा पन नाय घेतलास!" काकींनी पदर कपाळावरून थेट नाकापर्यंत ओढला. "काड आता. बगू कुनाची काडतोस."

सकाळी पूजेच्या वेळी काका ब्रश घेऊन बोटीपुढे उभे राहिले खरे, पण काकी पदराआडून बाहेर यायला तयार नव्हत्या आणि समोर भुवई नसल्यामुळे काकांचा ब्रश चालेना. शेजारच्या बोटींचे नारळ फुटायला लागले. शेवटी त्यांनी ब्रश मेघालीच्या हातात दिला.

"तू काड."

"मी? मला कुठे येतं?"

"मला तरी कुटं येत होतं? तुज्याकडं बगत जी उबी असंल, तिची काड."

मेघालीने मान वळवली. मागे दमयंती पूजेचं ताट घेऊन उभी होती. मेघालीने तिच्याकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि श्वास रोखून डाव्या बाजूच्या माशावर दोन फराटे ओढले. दुसऱ्या बाजूला जायच्या आत पाणी चढलं आणि ब्रश ठेवावा लागला.

लोक मागे सरून बघायला लागले. ही भुवई गोल नव्हती. सरळ होती.

शैलेशने खिशातली तंबाखूची पुडी काढली, माशाकडे पाहिलं आणि पुडी परत ठेवली. "चला रे," तो हळू आवाजात म्हणाला. "उजवीकडचा अजून घाबरलाय, पन ही बाजू सांबाळून घेईल."

"ही भुवई कुटंतरी बगितलीय मी," नरहरी पुटपुटला. मग त्याने मागे वळून बायकोकडे पाहिलं आणि पटकन बोटीत चढला. एरवी पुनवेची फेरी मारून जेवायच्या वेळेला उगवणारा नरहरी त्या दिवशी सगळ्यांच्या आधी परत आला.

दुपारी नारळीभाताच्या ताटावर मेघालीने घसा साफ केला.

"आई, बाबा, मी ठरवलंय. दहावीनंतर सायन्स नाही. मी चित्रं काढायला शिकणार. सुट्टीत एकनाथकाकांकडे, आणि मग चित्रकलेच्या कॉलेजला."

नरहरीचा घास हातातच राहिला. त्याने दमयंतीकडे पाहिलं. दमयंतीची डावी भुवई सावकाश, अगदी सरळ वर जायला लागली.

"थांब, आई, तिथेच थांब! खाली नको आणूस," मेघाली खरकट्या हाताने पेन्सिल शोधत ओरडली. "उजवीकडचा मासा अजून बाकी आहे."