मल्लूकाका हरायला लागले

आमच्या गल्लीतले मल्लूकाका आणि रत्नाकाकू लग्न झाल्यापासून जोडीनं नाटकाला जातात आणि आजवर एकदाही शेजारी शेजारी बसलेले नाहीत. एक जण पहिल्या रांगेत, दुसरा पार शेवटच्या. मध्ये सगळं सोलापूर. नवख्याला वाटतं, यांचं बिनसलंय. तिकीट खिडकीवरचा माणूस एकदा भल्या मनानं म्हणाला, "काका, शेजारच्या दोन देतो की. रिकाम्या हायत."

काका खेकसले, "नाटक बघाय आलोय. लग्नाला बसाय न्हाय."

सुरुवात साध्या गरजेतून झाली. दोघंही यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला. पुढचं तिकीट एकच परवडायचं, म्हणून दुसरं मागचं. मग पुढं कोण बसणार? त्यावर दोघांनी मिळून एक नियम काढला. नाटक बघून आल्यावर चहा पिताना दोघांनी आपापलं मत सांगायचं. एकदा सांगितलं की फिरवायचं नाही. पुढच्या रविवारी पेपरात परीक्षण आलं की काका ते मोठ्यानं वाचणार. ज्याचं मत परीक्षणाशी जुळलं तो हरला, पुढच्या नाटकाला तो मागं. कुणाचंच जुळलं नाही तर पुढची खुर्ची ज्याची होती त्याचीच राहिली.

"जुळलं तर हार?" मी लहानपणी विचारलं होतं.

"मग? पेपरवाल्याचंच मत सांगायचं तर आपण कशाला जायाचं? पेपर घरी येतोय की."

पुढं दोन चांगली तिकिटं परवडायला लागली तरी नियम राहिला. आणि काका हरत नसत. वर्षानुवर्षं पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांची. तिथं बसून ते काय बघायचे? नटांचे पाय. "तोंडाला काय, शिकवलं तसं करतंय. पायाला कोण शिकवतंय?" नायक बहिणीच्या अपमानानं पेटून उठला, सगळं थिएटर स्तब्ध, आणि काका पुटपुटणार, "संतापलेला माणूस असा उभारतोय व्हय? बस स्टँडवर उभारल्यागत उभारलाय."

एकदा मात्र फसले. एका नटाच्या लंगडण्याला त्यांनी 'खोटी चाल' म्हणून निकालात काढलं. रविवारी पेपरात आलं की त्या गृहस्थाचा अंगठा खरोखरच मोडला होता आणि त्या जिद्दीला समीक्षकानं सलाम केला होता. काका जराही वरमले नाहीत. "मत जुळलं न्हाय ना? मग खुर्ची माझी."

काकूंची तऱ्हा वेगळी. त्या शेवटच्या रांगेतून लोकांच्या पाठी बघायच्या. नाटक पडेल असलं की डोकी इकडं तिकडं कलतात, जमलं की चादरीवरच्या नक्षीसारखी जागच्या जागी. एका नाटकाला त्या म्हणाल्या, "निम्मी माणसं पेंगत हुती." परीक्षणात आलं, 'प्रेक्षकांना अंतर्मुख करणारा प्रयोग.' काकांनी निकाल दिला, "जुळलं. हरलीस."

काकूंना नाटकात व्यत्यय अजिबात खपत नसे. एका बाईच्या कानातलं यंत्र अंधारात शिट्टी मारायला लागलं, तर मध्यंतरात तिला तोंडावर म्हणाल्या, "ऐकू येईना झालं की घरी देवाचं करावं बाई. दुसऱ्याचं नाटक कशाला नासवावं?"

हे दोघं मला लहानपणापासून बरोबर न्यायचे आणि मधल्या रांगेत बसवायचे. तिथून धड पाय दिसत नाहीत, धड पाठी दिसत नाहीत. म्हणून मी आपली नाटक बघायला लागले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी पहिल्यांदा मीच चढले. वडिलांनी बी.ए.चा निकाल अख्ख्या गल्लीला पेढे देऊन सांगितला, आणि यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही. आज मी शाळेत शिकवते आणि इथल्या पेपरात नाटकांची परीक्षणं लिहिते. माझ्या नावानं छापून येतात. म्हणजे काकांना हरवणारी किंवा जिंकवणारी आता मीच. तरी त्यांचं माझ्याशी कधी जुळलं नाही. "पोरी, चांगलं लिहितीस. जरा चुकीचं लिहितीस, एवढंच."

मग गेल्या वर्षी ते नाटक आलं. मुलांनी टाकून दिलेल्या बापाची गोष्ट होती. शेवटच्या प्रवेशात थिएटरभर हुंदके. प्रयोग दुपारचा होता. चहाला मीही त्यांच्या घरी होते. काकूंनी बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, "लई हसवलं बाई! माणसांच्या पाठी कशा गदागदा हलत हुत्या!"

मी तोंड उघडणार तेवढ्यात टेबलाखाली माझ्या पायावर पाय पडला. पायांच्या बाबतीत काकांचा अधिकार जुनाच.

"मला रडू आलं," काका घाईनं म्हणाले. "बापाचं काम उत्तम. शेवट लई भारी केलाय."

मी परीक्षणात तेच लिहिलं. रविवारी काकांनी ते वाचलं, पेपराची घडी घातली आणि म्हणाले, "जुळलं. हरलो." काकू पहिल्या रांगेत गेल्या.

त्यानंतर काका हरतच राहिले. नाटक सुटलं की काकूंना चार पावलं पुढं जाऊ द्यायचे आणि मला विचारायचे, "तुला काय वाटलं गं?" आणि घरी चहावर माझंच मत स्वतःचं म्हणून सांगायचे. मी फुगले. शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, आमच्या मल्लूकाकांना आता माझं पटतं. माझ्या दृष्टीनं ते एम.ए. झाल्यासारखंच होतं.

हा फुगा एका टाचणीनं फुटला. एका नाटकातली नायिका मला फारच ताठ वाटली, तसं मी वाटेत काकांना सांगितलं. चहावर काका लगेच, "नायिका ताठ हाय." आता, तिच्या एंट्रीला शेवटच्या रांगेतून हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवताना मी त्यांना बघितलं होतं. निघताना मी त्यांना दाराबाहेर गाठलं.

"काका, खरं सांगा. काय चाललंय?"

त्यांनी आधी मागं वळून दार बघितलं. "तिला ऐकू येईना झालंय. त्या बापाच्या नाटकाला कळलं मला. माणसं रडत हुती, हिला वाटलं हसाय लागलीत."

"मग पुढं बसून काय उपयोग?"

"अगं, जन्म मागाच्या खडखडाटात गेला आमचा. तितं कोण कुणाचं ऐकतंय? लांबनं ओठ वाचूनच बोलायचो. आमचं लग्नबी तसंच ठरलं, मधी सगळे माग चालू. पुढं बसली की तिला नटांचे ओठ दिसत्यात. मागनं नुसत्या पाठी."

"मग सरळ म्हणा की, पुढं बस."

"म्हटलं की तिला कळंल, मला कळलंय. त्या शिट्टीवाल्या बाईला काय बोलली हुती, इसरलीस? उद्यापासनं सोताच घरी देवाचं करत बसंल. नाटक सुटलं तर तिचं काय ऱ्हायलं?"

मी विचारलं, "म्हणजे माझी परीक्षणं तुम्हाला पटत नाहीत?"

"एकबी न्हाय."

सांगायला हरकत नाही, माझ्या नावानं जे जे छापून आलं त्यातल्या कशाचाही मला इतका अभिमान वाटला नव्हता. ज्या माणसानं आयुष्यात कुणाचं मत उसनं घेतलं नाही, तो बायकोसाठी माझं घेत होता.

परवाच्या नाटकाला मी नेहमीसारखी मधल्या रांगेत. मध्यंतराचे दिवे लागले, लोक वड्याकडं धावले. पहिल्या रांगेत काकू उठून उभ्या राहिल्या, मागं वळल्या, आणि सगळ्या रिकाम्या खुर्च्यांवरून शेवटच्या रांगेकडं बघत त्यांचे ओठ हलले. आवाज नाही. मागं काकांचे ओठ हलले. परत काकूंचे. मला एक अक्षर कळेना. मी उठून काकांकडं गेले.

"काय म्हणतायत काकू?"

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

"म्हणती, पाय मी बघाय लागलीय तुमच्यासाठी. तुमी कान द्या. घरी गेल्यावर जुळवू."

घंटा झाली.

"जा, तुझ्या खुर्चीवर बस जा," काका म्हणाले. "मला नीट ऐकू दे."